पहाटे उठणारा निनाद

पडद्यावर झाडू आला.

त्याआधी चार फोटो येऊन गेले होते. चारही पुरुष. फोटोखाली नाव, नावाखाली पद. संस्थापक आणि मुख्य मेंटेनर. रचना प्रमुख. कोड प्रमुख. समुदाय प्रमुख. प्रत्येकाला टाळ्या. मग पाचवी चौकट आली. तिच्यात माणूस नव्हता. लांब दांड्याचा, हिरव्या मुठीचा झाडू होता. खाली माझी आद्याक्षरं. त्याखाली मोठ्या अक्षरात, साफसफाई.

संस्थापक निनाद माईकवर म्हणाला, "आणि ही आपली साफसफाई! ही नसती ना, तर आपल्याकडे कचऱ्याचा ढीग झाला असता. सिरियसली."

हॉल हसला. अगदी प्रेमाने हसला. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच काही बोलणार आहे आणि त्यात मी मोठी शूर वाटण्याचा धोका आहे. मी हसले. हात वर करून सगळ्यांना दाखवला. मग मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत माझी आई बसली होती.

आईने बावीस वर्षं एका शाळेत झाडू मारला. कंत्राटावर. शाळेतल्या मुलांना तिचं नाव कधी कळलं नाही, "झाडूवाली मावशी" एवढंच. त्या रविवारी मी तिला हौसेने घेऊन आले होते. विहारात नेसते ती पांढरी साडी नेसून ती आली होती. पोरीने चार वर्षं खपून केलेलं काम आज लोकांसमोर येणार, म्हणून. ती हसत नव्हती. मांडीवर पर्स धरून पडद्याकडे बघत होती.

कार्यक्रम भाईंदर पश्चिमेला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये होता. संपल्यावर आम्ही चालत स्टेशनपर्यंत आलो, पूल ओलांडला, पलीकडे आमच्या इंद्रलोक वसाहतीच्या रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलो. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "काय गं, त्यो झाडू मी येनार म्हून लावला व्हता का?"

मी म्हटलं, "नाही आई. त्यांना माहीतही नव्हतं तू येणार ते."

"मंग कुनासाठी लावला?"

रिक्षावाल्याने हिंदीत विचारलं, कुठल्या फेजला, आणि मी तेवढं सांगितलं.

आता हे सगळं काय प्रकरण आहे ते सांगते.

मोबाइलवर मराठी टाइप करायचा एक मोफत कीबोर्ड आहे. त्याचा कोड उघडा आहे. म्हणजे कुणीही वाचावा, कुणीही नक्कल करून घ्यावी, बदल सुचवावा. ओपन सोर्स म्हणतात ते हे. जगभर अशी कामं चालतात आणि त्यातली बरीच प्रामाणिकपणे चालतात, हेही सांगते, नाहीतर लोक म्हणतील हिला सगळ्याच गोष्टींत काळं दिसतं. तर बदल कुणीही सुचवावा. पण सुचवलेला बदल मूळ कोडात घ्यायचा की नाही, नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर सोडायची की नाही, हे फक्त मेंटेनर ठरवतात. त्यांच्याकडे तो हक्क असतो. आमच्यात त्याला किल्ली म्हणायचे.

आमचे मेंटेनर चार. चौघेही एकाच कॉलेजचे, एकाच वर्षाचे. योगायोग असेल.

मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते. वापरून बघायचं, मोडून बघायचं, कुठे फाटलंय ते लिहून काढायचं. हा कीबोर्ड मी आईसाठी फोनवर टाकला. ती विहारातल्या महिला मंडळाचे निरोप टाइप करते. तिला एक जोडाक्षर उमटेना, म्हणून मी कोड उघडला, दुरुस्ती करून पाठवली. ती घेतली गेली. मला इतका आनंद झाला की मी त्या आठवड्यात आणखी सहा पाठवल्या. पंधरा दिवसांनी निनादने चहाला बोलावलं.

"सर" म्हटलं तर म्हणाला, "सर काय! निनाद म्हण. अरेतुरे कर. इथे सगळे सारखे. आम्ही डिग्री बघत नाही, जात बघत नाही, काहीच बघत नाही. फक्त कोड बघतो." चहा आला. मग म्हणाला, "पूर्ण नाव काय म्हणालीस तुझं?"

सांगितलं.

"मूळचे कुठले तुम्ही?"

बीड.

"अच्छा," तो म्हणाला. ज्यांनी हा अच्छा ऐकलाय त्यांना मी समजावून सांगायची गरज नाही. ज्यांनी ऐकला नाही त्यांना समजावून सांगून उपयोग नाही. त्यानंतर मी तिथे फक्त आद्याक्षरं लिहू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच.

कामं आपोआप माझ्याकडे येत गेली. लोकांच्या तक्रारी वाचायच्या, एकाच तक्रारीच्या दहा नकला एकत्र करायच्या, ज्याला अजून फोन अपडेट करता येत नाही त्याला न रागावता शिकवायचं, मदतीची पानं लिहायची, जुना मेलेला कोड काढायचा, प्रत्येक नवी आवृत्ती सोडण्याआधी स्वस्तातल्या चार फोनांवर चालवून बघायची. मेंटेनर मंडळी मोठमोठ्या दिशा ठरवत. दिशा ठरवायला दर महिन्याला एक बैठक असे आणि बैठकीत काय ठरलं ते मी लिहून काढत असे. कोडाबरोबर एक फाइल असते, कुणाची काय भूमिका आणि कुणावर काय जबाबदारी ती सांगणारी. आमची ती फाइलही मीच लिहिली. तिच्यात माझ्याच हाताने लिहिलेलं आहे की मेंटेनर फक्त कामाच्या गुणवत्तेवर निवडला जातो. आधीच्या मेंटेनरने नाव सुचवायचं, बाकीच्यांनी मत द्यायचं.

चार वर्षांत चौघांपैकी एकानेही माझं नाव सुचवलं नाही. मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा निनाद म्हणाला, "अगं, पद घेऊन काय करायचंय? काम महत्त्वाचं." हे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या नावापुढे दोन पदं होती. दुसऱ्यांदा म्हणाला, "प्रोसेसमध्ये उगाच वेळ जातो. तू असं कर, माझ्याच अकाउंटवरून सोड ना. पासवर्ड देतो."

आणि मी घेतला.

याची मला आजही लाज वाटते, झाडूपेक्षा जास्त. त्या दिवसापासून मी रोज पहाटे पाचला उठून, नोकरीला निघण्याआधी दोन तास, निनाद होऊन बसायचे. बदल मी तपासायचे, नोंद त्याच्या नावाची. आवृत्ती मी सोडायचे, नोंद त्याच्या नावाची. आमच्या कामात कुठली ओळ कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी घातली हे कायमचं नोंदलं जातं. पुसता येत नाही. तीन वर्षं ती नोंद सांगते आहे की निनाद पहाटे पाचला उठतो.

झाडूच्या कार्यक्रमात एक पाहुणे आले होते, कुठल्याशा कॉलेजचे प्राध्यापक. ते भाषणात म्हणाले, मी निनादचं काम जवळून पाहिलंय, नोंदी पाहा, ऊन असो थंडी असो, पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी हा तरुण भाषेच्या सेवेला बसलेला असतो. टाळ्या पडल्या. निनाद लाजला. खरंच लाजला, कान लाल झाले. आणि म्हणाला, "सवय आहे. लहानपणापासूनची."

माणूस नऊच्या आत उठत नाही. साडेनऊच्या आधी मेसेज केला तर दुसऱ्या दिवशी सांगतो, सकाळी सकाळी टिंगटिंग करू नकोस. एवढं सगळं घेतलंस, निदान माझी झोप तरी सोडायचीस! मी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग न येता किळस आली. राग आला की माणूस मोठा दिसतो. किळस आली की तो आहे तेवढाच दिसतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी शब्द गेले.

आमच्या कीबोर्डची एक गोष्ट लोकांना फार आवडायची. तो शिकायचा. तुम्ही तुमचा शब्द त्याला एकदा शिकवला की पुढे दोन अक्षरांत तो पुढे करायचा. आणि हे शब्द आम्ही आमच्याकडे गोळा करत नव्हतो. ज्याचे शब्द त्याच्या फोनवर. याचा मला अभिमान होता. निनादला पुढच्या एका परिषदेत ॲप किती हलकं झालंय ते दाखवायचं होतं. म्हणून त्याने शब्दांची साठवण नव्याने लिहिली. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याने स्वतः काहीतरी लिहिलं, म्हणून मी उत्सुकतेने वाचलं. आणि तिथेच लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं: जुन्या साठ्यातले शब्द नव्या साठ्यात न्यायची सोय यात नाही. हे सोडलं तर लोकांनी शिकवलेले सगळे शब्द जातील. सोडू नये.

त्याने खाली उत्तर दिलं. "तू टेस्टिंग बघ. डिझाइनचा निर्णय तुझ्या रोलमध्ये येत नाही."

आणि दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी त्याने स्वतः ती आवृत्ती सोडली. संध्याकाळपर्यंत ती लोकांच्या फोनवर पोचली.

पहिला फोन किनाऱ्यावरच्या तारोडी गावाहून आला. रोझी मावशींचा. या आमच्या जुन्या वापरणाऱ्या. कोळीण, वय सत्तरीच्या पुढे, नातवाने फोन दिला तेव्हापासून त्यांनी एक नाद लावून घेतला होता. त्यांच्या गावच्या बोलीतले शब्द त्या एकेक करून कीबोर्डला शिकवायच्या. मासळीची नावं, जाळ्याच्या भागांची, वाऱ्याची, भरती-ओहोटीची. त्यांच्या आईच्या तोंडचे शब्द, जे आता गावातही कुणी बोलत नाही. कुठे अडलं की मला फोन करायच्या. दोन वर्षं चाललं होतं हे.

"अगो, माजे शब्द गेले गो," त्या म्हणाल्या. "येक न्हाय ऱ्हायला. मी काय चुकीचं दाबलं का?"

त्यांना वाटत होतं त्यांचीच चूक. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही काही चुकीचं दाबलं नाही."

"मंग परत येतील ना?"

येणार नव्हते. फोनवरून गेले म्हणजे गेले. मी तसं सांगितलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "बरं हाय," आणि फोन ठेवला. घरी आले तर आईचाही फोन कोरा. महिला मंडळातल्या बायकांची नावं ती पुन्हा एकेक अक्षर जोडून लिहीत होती. तक्रार करत नव्हती. तक्रार कुठे करायची असते हेच तिला कधी कुणी सांगितलेलं नाही.

तक्रारींचा पाऊस पडला. प्राध्यापक पाहुण्यांनीही लिहिलं, हे कुणाच्या हातून झालं ते समजावं. अशा वेळी आमच्यात घटनेचा अहवाल लिहायची रीत आहे. काय झालं, कधी झालं, कुणी काय केलं. निनादने मला स्टेशनजवळच्या उडप्याकडे बोलावलं. स्वतःहून मसाला डोसा मागवला माझ्यासाठी. चार वर्षांत चहाच्या वर गेला नव्हता.

म्हणाला, "मी विचार करत होतो. तुला आता मेंटेनर करायला हवं. खरं तर आधीच करायला हवं होतं. माझं चुकलं. या रविवारी मी तुझं नाव सुचवतो, बाकी तिघांशी बोललोय. पूर्ण नाव, फोटो, सगळं."

पुढे काहीतरी येणार हे डोशावरूनच कळलं होतं.

"फक्त अहवालात लिही की ती रिलीज तुझ्या हातून गेली. तसंही सगळ्या रिलीज तूच करतेस माझ्या अकाउंटवरून, हे मीच सांगतो ना बाकी तिघांना. क्रेडिट देतो तुला. आणि आपल्याकडे दोष कुणालाच देत नाहीत. चूक माणसाची नसते, प्रोसेसची असते. तुला कोण काय बोलणार आहे?"

बघा कसं बसवलं होतं त्याने. तीन वर्षांची सगळी कामं त्याच्या नावावर. एक काम फक्त माझ्या नावावर हवं होतं त्याला. जे मी केलं नव्हतं ते.

मोह झाला. खोटं कशाला बोलू? डोसा गार होईपर्यंत मोह झाला. पूर्ण नाव, फोटो. आईला दाखवता आलं असतं, बघ, झाडू काढला. मी ते चित्र डोळ्यांसमोर आणून बघत होते आणि त्यात एकदम तिचा रिक्षातला प्रश्न आला. मंग कुनासाठी लावला? तिला नवा फोटो दाखवला असता तर तिने विचारलं असतं, कशाबद्दल लावला? आणि मला सांगावं लागलं असतं, रोझी मावशींचे शब्द मी पुसले असं कबूल केलं म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "ती तुझी आहे, निनाद. तू लिहिलीस, मी अडवली, तू सोडलीस. नोंदीवर नाव तुझं आहे."

तो पाणी प्यायला. "नोंदीवर तर सगळ्याच रिलीजवर माझं नाव आहे."

"हो ना," मी म्हटलं.

"आणि हे अरेतुरे काय लावलंय?"

चार वर्षं हाच माणूस मला सांगत होता, अरेतुरे कर, इथे सगळे सारखे. मला जमत नव्हतं, तोंडातून "तुम्ही"च निघायचं. त्या दिवशी पहिल्यांदा जमलं, तर त्याला झोंबलं. एवढीच होती त्याची समता. न वापरता कपाटात ठेवायची.

घरी आले आणि अहवाल लिहिला. शिव्या नाहीत, रडारड नाही. माझी नोकरीच ती आहे, कुठे फाटलंय ते लिहून काढायचं. कोणती आवृत्ती कुणी सोडली, सगळ्यांची यादी दिली. जिथे नोंद पहाटे पाच ते सातची, तिथे निनादचं नाव आणि माझा हात. जिथे दुपारी दोन बारा, तिथे निनादचं नाव आणि निनादचा हात. माझी सूचना जशीच्या तशी. त्याचं उत्तर जसंच्या तसं. त्याचा पासवर्ड मी तीन वर्षं वापरला, ती चूक माझी, हेही लिहिलं. तो बदलून घ्यावा असंही लिहिलं. आणि खाली सही केली. आद्याक्षरं नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्या अच्छाच्या दिवसापासून लपवलेलं आडनाव मी एकेक अक्षर दाबून लिहिलं आणि कीबोर्डच्या हजारभर लोकांच्या ईमेल-यादीवर पाठवून दिलं.

उत्तरं आली. कुणी लिहिलं, इतक्या कडवटपणाची गरज नव्हती. कुणी लिहिलं, इथे जात का आणताय? मी जातीबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. फक्त माझं नाव लिहिलं होतं. प्राध्यापकांनी काहीच लिहिलं नाही, ते बहुधा पहाटेची वाट बघत असतील. समुदाय प्रमुखाने खाजगीत कळवलं, साफसफाई हा शब्द आम्ही कौतुकाने वापरला होता, तुझ्या मनातच काहीतरी आहे. मी त्याला कळवलं, मग पुढच्या वर्षी तो झाडू स्वतःच्या फोटोजागी लाव. कौतुक होईल.

निनादने एवढंच लिहिलं, "प्रोजेक्ट सोडून जायचं असेल तर जा. कोड कुठेही जात नाही."

बरोबर आहे, कोड कुठेही जात नाही. तो उघडा आहे. कुणीही नक्कल करून घ्यावी, असं त्यांच्याच परवान्यात पहिल्या ओळीत आहे. मी घेतली, आणि तिच्यावर वेगळा कीबोर्ड सुरू केला. पुढच्या रविवारी पहिली दुरुस्ती केली, शिकवलेले शब्द फोनमधल्या एका साध्या फाइलीत उतरवून ठेवायची सोय. मग तारोडीला गेले. रोझी मावशी ओसरीवर बसल्या होत्या. मी वही उघडली. त्या आठवून आठवून सांगत होत्या, मी लिहीत होते. काही आठवले, काही नाही. जे आठवले नाहीत ते कुणीच परत आणणार नाही, आणि त्याबद्दल मी कुणालाही माफ केलेलं नाही.

आता आमच्याकडे काम करणारे तिघे जण आहेत. भूमिकांची फाइल मी पुन्हा लिहिली. तिच्यात प्रमुख कुणी नाही. ज्याने सहा महिने काम केलं त्याला किल्ली मिळते, मागावी लागत नाही. दुसऱ्याच्या किल्लीने कुणी काही सोडायचं नाही. आणि तक्रारी वाचणं, जुना कचरा काढणं, न रागावता उत्तरं देणं, या कामापुढे कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. तिथे पाळी आहे, आठवड्याला एक जण. मीही त्यात आहे.

परवा निनादच्या गटातल्या एकाने विचारलं, आमच्या वापरणाऱ्यांनाही ती शब्द उतरवून ठेवायची सोय हवी आहे, दोन्ही कामं पुन्हा एकत्र नाही का करता येणार? मी भूमिकांची फाइल पाठवून दिली. यायचं तर हे वाचून या, म्हटलं. निनाद आला तर त्याचीही पाळी लागेल. पहिल्या आठवड्यापासून, स्वतःच्या पूर्ण नावाने.